बर्फावरची लाल खुर्ची

१४ एप्रिल

प्रिय आर्मास,

काल पहाटे गाय हंबरली.

तुला आठवत असेल. मी पाचेक वर्षांचा असेन. माळ्यावर आपण दोघे एका रजईत होतो आणि बाहेर तळं असं काही ओरडलं की मी तुझ्या काखेत तोंड खुपसलं. हूंऽऽ करत तो आवाज या काठावरून त्या काठाला जायचा आणि परत यायचा. तू अर्धवट झोपेत म्हणालास, "बर्फाखाली गाय आहे रे. वासरू पलीकडच्या काठाला राहिलंय, म्हणून हंबरते. झोप आता." मी विचारलं, ती बाहेर कधी येणार. "बर्फ गेला की. मग ती चरायला जाते." तेव्हापासून दर वसंतात बर्फ गेला की आपण घरभर सांगत सुटायचो, गाय चरायला गेली. आई म्हणायची, टपालवाल्यासमोर बोलू नका असलं काही, त्याला वाटेल आपली खरीच हरवली.

तर गाय अजून गोठ्यात आहे. बर्फ काळा पडू लागलाय, काठाला हातभर पाणी सुटलंय, पण मधे चांगला टणक आहे. तुझं कार्ड मिळालं. "बर्फ?" एवढा एकच शब्द. दुलूथहून एका शब्दासाठी तिकीट चिकटवणारा माणूस तूच. उभा जन्म मी या भागात टपाल वाटलं, इतकं लहान पत्र कुणाच्या पेटीत टाकल्याचं मला आठवत नाही.

मी विसरलेलो नाही. नोव्हेंबरात तुला दुलूथच्या शुश्रूषा केंद्रात सोडताना काय बोललो ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. खुब्याचं हाड जुळू दे, हिवाळा तिथल्या उबेत काढ, तळ्यावरचा बर्फ गेला की त्याच दिवशी न्यायला येतो. तू विचारलंस, "त्याच दिवशी?" मी म्हटलं, "त्याच दिवशी." त्या नर्सबाई हसल्या, त्यांना वहीत लिहायला तारीख हवी होती. शहरातल्या आहेत. तारीख तळं ठरवतं हे त्यांना कोण सांगणार.

मर्नाने तिच्या दुकानासमोर तळ्याच्या बर्फावर लाल खुर्ची मांडली आहे, दरवर्षीसारखी, दोराने काठाच्या झाडाला बांधून. ती पाण्यात गेली की बर्फ गेला, हा गावचा कायदा यंदाही तोच. यंदाची खुर्ची चांगली आहे, बर्चच्या लाकडाची, उंच पाठीची. कुणी दिली ते मला नक्की सांगता येणार नाही. तू नोव्हेंबरातच सांगून ठेवलेला अंदाज मी दुकानातल्या फळ्यावर लिहून आलो, चोवीस एप्रिल. मर्ना म्हणाली, "चोवीस? म्हाताऱ्याला घरी यायची घाई झालेली दिसते." मी माझा दोन मे लिहिला. ज्याचा अंदाज बरोबर त्याला खुर्ची. पलीकडच्या घरी व्हरांड्यात तीन लाल खुर्च्या आहेत, आपल्याकडे इतक्या वर्षांत एक नाही. या वर्षीही आशा धरू नकोस. चोवीस फार लवकर होतं.

बाकी ठीक. अस्वलं जागी झाली असतील म्हणून पक्ष्यांच्या दाण्याचा डबा उतरवून ठेवला. शनिवारचा सौना अजून पेटवत नाही. एकट्याच्या वाफेसाठी एवढी लाकडं कशाला जाळायची. शिवाय सौनाच्या धुराड्यातून धूर दिसला की टॉवेल खांद्यावर टाकून कुणी ना कुणी येतंच, आणि आलेला प्रत्येक जण आधी तुझी चौकशी करतो.

तुझा,
वाइनो

---

२५ एप्रिल

प्रिय आर्मास,

बर्फ अजून आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं तू वाचणार नाहीस.

आज सकाळपासून काठाकडून एक आवाज येतोय, कुणी काचसामानाची टोपली हळूहळू हलवतंय तसा. बर्फाच्या कांड्या सुट्या होऊन लाटेबरोबर दगडांवर येतात तेव्हा होतो ना, तसाच. पण तो नव्हे. पलीकडच्यांनी व्हरांड्यात कसलीशी घंटी टांगली आहे, वाऱ्याने वाजते.

तू विचारत नाहीस, तरी सांगतो मी दिवसभर काय करतो. पाचला उठतो. कॉफी. मग चुलीपाशी बसून काहीच करत नाही. निवृत्त माणसाला हे फार छान जमतं असं माझी लेम्पी म्हणायची. ती वारल्यावर तू माझ्याकडे राहायला आलास तेव्हा तुला वाटलं होतं मी दुःखात बसलोय, आणि तू मला कुऱ्हाडीला धार लावायला उठवायचास. मी फक्त बसलेला असायचो. दुपारी अंगणातली वाळकी पानं दाताळ्याने ओढतो. जाळीच्या खिडक्या धुतल्या. वाटेल तेव्हा जेवतो. रात्रीच्या जेवणाला काल पॅनकेक केले, त्यावर साखरेचा पाक, दुसरं काही नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "लहान पोरांच्या वाढदिवसाला बोलावलंस का मला?"

जेवण झाल्यावर कविता मोठ्याने वाचतो. चमचा बशीवर आपटून "कविराज, आता पुरे" म्हणणारं कुणी नाही. झोप बरी लागते. म्हणजे तशी लागत नाही, पण रात्री उठावं लागत नाही.

शाळेतल्या मिस हॉलबर्ग आठवतात का तुला? पाठांतराच्या दिवशी शेगडीशेजारी उभं करायच्या, एक गाल भाजायचा आणि दुसरा गार. पाहुणे आले होते त्या वर्षी मी तिसऱ्या कडव्यावर अडकलो. सगळी शाळा बघतेय, मिस हॉलबर्गच्या हातातली पेन्सिल थांबली आहे. आणि मागच्या बाकावरून तुझे ओठ हलले. ज्याने आयुष्यात एक कविता पाठ केली नाही तो तू, अख्खं कडवं न चुकता ओठांनी सांगत होतास. गोठ्यात तू धारा काढायचास आणि मी तुझ्या पाठीशी उभा राहून घोकायचो, तेव्हा तुझ्या कानात गेलं असणार. मला पहिलं बक्षीस मिळालं. तू घरी जाताना म्हणालास, "ती कविता गायींना पण पाठ झाली आहे."

रस्ता अजून खराब आहे. हिवाळ्याने जागोजागी फुगलाय. तुझ्या खुब्याला असा रस्ता मानवायचा नाही.

तुझा,
वाइनो

---

३ मे

प्रिय आर्मास,

तुझं दुसरं कार्ड आलं. "अजून?"

हो, अजून. थंडी यंदा हटता हटत नाही. बर्फ राखाडी झालाय, त्यावर पहाटे धुकं बसतं आणि सूर्य वर आला की सगळं तळं जस्ताच्या परातीसारखं चमकतं. दुपारी मधोमध एक लांब भेग जाते, संध्याकाळी ती परत मिटते. कावळे त्यावरून चालतात. त्यांच्याकडे बघून वाटतं, वसंत वाटेत कुठेतरी कुणाकडे जेवायला थांबलाय.

मोटारीचंही काहीतरी बिघडलंय. सुरू होते, पण आवाज वेगळा येतो. दाखवून घेतल्याशिवाय दुलूथपर्यंत आणायला मन धजत नाही. शिवाय तिथल्या डॉक्टरांना विचारायला हवं. शिवाय आपल्या घराला तीन पायऱ्या आहेत, आणि सौनाच्या पायरीवरूनच तर तू घसरलास. या सगळ्याचा विचार करावा लागतो, आर्मास. नुसतं ये म्हणून चालत नाही.

तुला तिथे जेवण गरम मिळतं ना? पत्ते खेळायला माणसं आहेत असं त्या नर्सबाई म्हणाल्या होत्या.

आज सकाळी लून पक्ष्यांची जोडी धक्क्याच्या इतक्या जवळ पोहत होती की नराचा लाल डोळा दिसला. मादीने बुडी मारली, मी श्वास धरून थांबलो, ती पार त्या बेटापाशी वर आली आणि हसल्यासारखी ओरडली. ही गेल्या वर्षीची गोष्ट सांगतोय. लून बर्फावर उतरत नाहीत हे तुला सांगायला नको.

गाय अजून गोठ्यात आहे.

तुझा,
वाइनो

---

शनिवार, ९ मे

आर्मास,

गाय चरायला गेली. चोवीस एप्रिललाच गेली.

हे तुला आता माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मला कळलं म्हणूनच मी लिहितोय. स्वतःहून लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

गुरुवारी मी मर्नाच्या दुकानात गेलो होतो. पीठ आणि दिव्याच्या वाती. तिने न विचारता कॉफी ओतली आणि म्हणाली, "काय मग, आर्मास काय म्हणाला? खूश झाला ना?"

खुर्ची बुडाली त्या दिवशीच ती तुला फोन करणार होती. मीच अडवलं. म्हटलं, मी कळवतो, खुर्ची घेऊन मीच जातो, त्याला बरं वाटेल. खुर्ची तिच्या मागच्या खोलीत वाळत पडली होती, आणि मी रोज नेतो नेतो म्हणत होतो.

मी म्हटलं, "झाला ना खूश."

"काय म्हणाला?"

"तुला माहीतच आहे तो. 'बरं' म्हणाला."

ती फळी पुसत राहिली. "गंमत आहे. काल न राहवून मीच फोन केला. तर मला विचारतो, कुठली खुर्ची?"

मागे दोघे जण गळाला लावायचे मासे निवडत होते. ते एकदम त्या माशांकडे फारच बारकाईने बघायला लागले.

"मी म्हटलं, आर्मास, तू जिंकलास. बरोबर चोवीसला गेला बर्फ.  मग म्हणाला, 'म्हणजे गाय गेली.' मला काही कळलं नाही. तुला कळतं का वाइनो?"

"कळतं."

"मला सांगू नकोस मग. त्याला सांग." मग ती म्हणाली, "आणि दुसरं. ती खुर्ची पुसायला उलटी केली, तर बसायच्या फळीखाली त्याची खूण आहे. चौकोनात फुली. लाकूडतोडीच्या दिवसांत ओंडक्यांवर ठोकायचा तीच. त्याने स्वतः केलेली खुर्ची ना ती?"

"जेवायच्या टेबलाशी नुसती पडून होती," मी म्हटलं.

 तिने माझा कप उचलला आणि आत नेला. अजून अर्धा भरलेला होता.

तर खुर्ची तुझी होती. मार्चमध्ये मर्ना विचारत आली, यंदा खुर्ची कुणाकडून घ्यायची, आणि मी उठून तुझी दिली. मला वाटलं नुसती देतोय. तिने रंग लावून बर्फावर मांडली तेव्हा मी काठावर उभा होतो. ती तिथे पाठ ताठ करून एकटी, तळ्याकडे तोंड करून. तू बसायचास तशीच. मी घरी आलो आणि त्या दिवसापासून जेवण ओट्याशी उभा राहून करतो.

आता चोवीस तारखेचं सांगतो. सकाळी वारा दक्षिणेकडून सुटला. दुपारी कॉफी घेऊन बाहेर आलो तर बर्फाचा सगळा पत्रा एका अंगाने सरकत होता, हळू, झोपलेल्याच्या अंगावरून रजई ओढावी तसा. जेवणवेळेपर्यंत निळं पाणी. मी आत जाऊन चावी घेतली. तुझा कोट घेतला. मोटार सुरू केली, तिला काहीही झालेलं नाही, आवाज नेहमीचाच आहे. टपालपेटीपर्यंत गेलो. तिथे गाडी थांबवून बराच वेळ बसलो आणि मग मागे वळवली. घरी येऊन पॅनकेक केले.

का, ते तू विचारशील. म्हणजे विचारणार नाहीस, तू पुढच्या कार्डावर प्रश्नचिन्हही टाकणार नाहीस, म्हणून मला सांगायला हवं. मला भीती वाटली. तुला उचलायला माझी पाठ पुरणार नाही याची थोडी. पण खरं ते नव्हे. मला एकटं राहणं आवडायला लागलं होतं. रात्री तुझी हाक ऐकायला एक कान जागा ठेवावा लागत नव्हता. रेडिओ माझ्या मनासारखा. कविता मोठ्याने. मी तुझ्यासारखा ब्याऐंशीचा नाही, शहात्तरचा आहे, मला वाटलं माझ्या वाट्याला दोन-चार वसंत असे यावेत. त्यात काय एवढं चुकलं, असं मी स्वतःशी म्हणायचो. आणि मग तुला बर्फाविषयी लिहायला बसायचो. चुकलं नसतं तर बर्फ कशाला लागला असता?

आयुष्यभर मी लोकांची पत्रं न उघडता पोचवली. आत काय असतं याचा विचार करायचो नाही. आता माझीच पत्रं कुणीतरी त्या केंद्रात तुझ्या हातात देत होतं आणि तू चष्मा शोधत होतास.

काल संध्याकाळी नेहमीसारखा वाचायला बसलो. ती शाळेतली कविता, पुस्तक न उघडता म्हणून बघावी असं मनात आलं. दोन कडवी आली. तिसऱ्याला अडलो. आणि आर्मास, मी थांबलो. पुस्तक हातापाशी होतं, ते उघडलं नाही. तोंड अर्धं उघडं ठेवून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बघत थांबलो. तिथे खुर्ची नव्हती. ते कडवं मला अजून आठवलेलं नाही.

आज शनिवार. मी दुपारीच सौना पेटवला. दगड तापलेत, बर्चच्या डहाळ्या भिजत घातल्यात. धूर सरळ वर जातोय, तो रस्त्यावरून दिसत असणार. यायचं त्याने येऊ दे, विचारायचं ते विचारू दे. घराच्या पायऱ्यांना मी सकाळी कठडा ठोकला. सुतारकाम तुझ्यासारखं नाही, पण मी त्याला लटकून पाहिलं, टिकतो.

उद्या सकाळी निघतो. हे पत्र टाकण्यात अर्थ नाही, माझ्यानंतर पोचेल. मीच घेऊन येतो आणि तुझ्या हातात देतो, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. तुला यायचं नसेल तर नको म्हण. बोलायचं नसेल तर तेही चालेल. तू पत्त्यांचा डाव मोडून उठणार नाहीस असंही मी गृहीत धरलंय. मी दाराशी

गाडी आली. मर्नाची आहे, तिच्या गाडीचं मागचं फळकूट खडखडतं. धूर बघून आली असेल. आज ती मला वाफेत बसून दुसऱ्यांदा ऐकवणार.

नाही. ती उतरली नाही. दुसऱ्या बाजूचं दार उघडलंय.

खिडकीतून आधी खुर्ची दिसली. लाल. कुणीतरी तिच्या पाठीवर हात टेकून, ती एकेक पाऊल पुढे टेकवत येतंय, काठीऐवजी. दर दोन पावलांनी थांबतंय. मर्ना गाडीत बसून राहिली आहे, मुद्दाम दुसरीकडे बघते आहे. तुझ्या डोक्यावर ती भयंकर टोपी आहे.

मला उठून यायला हवं, पण मी लिहितोय, आर्मास, कारण उठलो की तोंडाने बोलावं लागेल. तू कठड्याशी थांबला आहेस. त्याला हलवून बघतो आहेस. मान नकारार्थी हलवलीस, पण धरलास.

तुझ्या पलीकडच्या खांद्याला तुझी कपड्यांची पिशवी आहे की नाही ते खांबामुळे इथून दिसत नाही. तू राहायला आलायस की फक्त खुर्ची दाखवायला, मला कळत नाही. मी मान वाकडी करकरून बघतोय, आणि मी पिशवीच शोधतोय.

खुर्चीचे पाय पहिल्या पायरीवर वाजले. आता दुसरी.

दार वाजतंय. येतो.